कंपनी 9 दिवसांत झाली, पैसे पोचायला 11 आठवडे लागले

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात कंपनी काढण्याबद्दलचा लेख वाचला. ब्रिटनमध्ये एका दिवसात कंपनी होते, एस्टोनियात घरबसल्या होते, आणि जर्मनीच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिथे नोटरी, कोर्ट आणि कागदांचा डोंगर आहे, असा एकूण सूर होता. लेखक महाशयांनी जर्मनीत कंपनी काढलेली दिसत नाही. मी काढली आहे, 2023 साली. डोंगर होता हे कबूल, पण त्यातला बराचसा मला कोल्हापुरातच चढावा लागला, म्हणून हे पत्र.

आधी माझ्याविषयी. शिरोलीत माझं मशिन शॉप आहे, 22 माणसं कामाला. वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली, मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागलो. पंपाची हाऊसिंग (बाहेरचं कवच) आणि इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) आम्ही फौंड्रीतून कास्टिंग आणून मशिनिंग करून देतो. श्टुटगार्टच्या बाजूचा एक पंपवाला सहा वर्षं आमच्याकडून माल घेत होता. 2022 च्या शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं की आयातीची कटकट आता आम्हाला नको. माल जर्मनीत तुमच्या गोदामात ठेवा, तिथून दोन दिवसांत द्या, बिल जर्मन व्हॅट क्रमांकाचं द्या, आणि जॉब रिजेक्ट झाला तर तो परत घ्यायला तिथे माणूस पाहिजे. नाहीतर आम्ही तुर्कस्तानात बघतो. पुतण्या तिकडे शिकून नोकरीला लागलेला होताच. म्हटलं, चला.

तिथली कंपनी म्हणजे जीएमबीएच. आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी मर्यादित जबाबदारीची. तिचा कायदा 1892 चा आहे. भांडवल किमान 25,000 युरो, आणि त्यातले निदान 12,500 खात्यात जमा झाल्याशिवाय कोर्ट नोंदणी करत नाही. होय, कोर्टच. कंपनीची नोंदवही, हान्डेल्सरेगिस्टर, तिथल्या स्थानिक न्यायालयाकडे असते. पण कोर्टात आपल्याला जावं लागत नाही. सगळं नोटरी पाठवतो.

हा नोटरी म्हणजे आपल्याकडचा झाडाखाली टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. मोठा कायदेपंडित असतो, दोन्ही बाजूंपासून अलिप्त राहायचं त्याच्यावर बंधन असतं आणि त्याची फी कायद्याने ठरलेली असते, त्यामुळे घासाघीस करता येत नाही (मी करून पाहिली). 18 एप्रिल 2023 ला सकाळी दहाची वेळ होती. मला वाटलं, सही करायची, फोटो काढायचा, दुपारी जेवायला बाहेर. तिथे कळलं की कंपनीचा करारनामा नोटरीने पक्षकारांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, तसा कायदाच आहे. आणि माणसाला जर्मन येत नसेल तर ते त्याच्या भाषेत समजावलं पाहिजे. पुतण्या करेल भाषांतर, असं मी म्हणालो. नोटरी म्हणाला, नातेवाईक नको. मराठीचा दुभाषी काही मिळाला नाही, हिंदीच्या एक बाई मिळाल्या, मूळच्या लखनौच्या, तीस वर्षं तिकडे असलेल्या. तर गृहस्थ जर्मनमध्ये वाचणार, बाई लखनवी हिंदीत सांगणार आणि मी मनात कोल्हापुरीत उलथापालथ करून समजून घेणार, असं दोन तास चाललं. 'अंशधारक' म्हणजे शेअरहोल्डर हे कळायलाच मला दहा मिनिटं लागली.

मी खोटं सांगत नाही, पहिला अर्धा तास मला हसू येत होतं. सत्यनारायणाची पोथी तरी गोष्टीरूप असते. हे आपलं कलम एक, कलम दोन. पण कुठल्याशा कलमापाशी नोटरी थांबला आणि चष्मा काढून म्हणाला, आज सही केल्यापासून नोंदवहीत नाव चढेपर्यंत कंपनी 'होऊ घातलेली' आहे. या काळात कंपनीच्या नावाने जो व्यवहार करेल तो स्वतः, वैयक्तिक जबाबदार राहील. मी बाईंना ते दोनदा सांगायला लावलं. कारण त्याच दिवशी दुपारी तीन वाजता मी गोदामाच्या तीन वर्षांच्या भाडेकरारावर सही करणार होतो. ती सही मी नोंदणी होईपर्यंत लांबवली. गोदामवाला तोंड वाकडं करून बसला, पण थांबला. पुढे किती आठवडे थांबावं लागणार आहे हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

कागदांचा एक फटका मात्र आधीच बसला होता. नवी कंपनी माझ्या एकट्याच्या नावाने न काढता आमच्या शिरोलीच्या कंपनीच्या मालकीची काढायची होती. म्हणजे आमची कंपनी खरंच अस्तित्वात आहे आणि मला तिच्या वतीने सही करायचा अधिकार आहे, याचे पुरावे पाहिजेत. एका एजंटाने सगळ्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का, करून दिलं आणि त्याचे भरपूर पैसे घेतले. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, पण भारताच्या सामील होण्याला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे तो शिक्का जर्मनीसाठी चालत नव्हता. एजंटाला हे माहीत नसेल तर तो एजंट कसला, आणि माहीत असेल तर मग काय बोलावं. शेवटी नोटरीला कुठले पुरावे चालतील हे आधी ईमेलने त्यालाच विचारून घेतलं, त्याबरहुकूम कागद केले आणि शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून जर्मन करून नेले. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आधी तिकडच्या नोटरीला विचारा, मग इकडे खिशात हात घाला.

नावाचा एक किस्सा आहे. 'प्रिसिजन पार्ट्स' एवढंच नाव आम्ही दिलं होतं. तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाचं, ज्याला ते आयएचके म्हणतात, म्हणणं पडलं की हे नाव नव्हे, हे मालाचं वर्णन झालं. वेगळेपण दाखवणारं काहीतरी पाहिजे. पुतण्याने सुचवलं आणि आम्ही पुढे अंबाबाईच्या नावातली अक्षरं जोडली. चटकन मंजूर.

बँकेत खातं उघडणं अवघड गेलं. मालक भारतात म्हटल्यावर दोन मोठ्या बँकांनी नम्रपणे वाट दाखवली. तिसरी एक छोटी सहकारी बँक होती, तिने नोटरीचा करारनामा पाहून खातं दिलं. सहकारी बँकेने दारात घेतलं म्हटल्यावर कोल्हापूरकराला परदेशात आल्यासारखंच वाटेना. आठवड्याभरात मी परत आलो. आता फक्त 25,000 युरो पाठवायचे होते, तेव्हाच्या दराने साधारण साडेबावीस लाख.

खरं घोडं इथे पेंड खाऊ लागलं.

आपल्या देशातून परदेशी कंपनीत भांडवल घालायला आता रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत नाही. कंपनीला तिच्या नक्त मालमत्तेच्या चौपटीपर्यंत गुंतवणूक आपोआप मार्गाने करता येते. 22 ऑगस्ट 2022 ला नवे नियम आले, ते जुन्यापेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहेत. एक फॉर्म भरायचा, त्याला फॉर्म एफसी म्हणतात. तो बँकेतून रिझर्व्ह बँकेकडे जातो आणि त्या परदेशी कंपनीला एक ओळख क्रमांक मिळतो, यूआयएन. ऐकायला सोपं आहे. आमच्या शाखेतल्या साहेबांनी पहिल्या दिवशी मला जो फॉर्म दिला तो जुना होता, आठ महिन्यांपूर्वी रद्द झालेला. मी तो भरला. तीन आठवड्यांनी तो परत आला. मग नवा फॉर्म भरला. त्यावर साहेब म्हणाले, 'या रकान्यात परदेशातल्या कंपनीचा नोंदणी क्रमांक लिहा, त्याशिवाय पुढे जाणार नाही.' मी म्हटलं, साहेब, पैसे तिथे पोचल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणी झाल्याशिवाय तुम्ही पैसे पाठवत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं झालं हे. साहेब हसले, पण फॉर्म पुढे गेला नाही.

कोल्हापूरची शाखा पुण्याला विचारायची, पुणे मुंबईला विचारायचं. मे महिना गेला, जून निम्मा गेला. गोदामवाला पुतण्याला दर सोमवारी फोन करायचा. शेवटी मीच रेल्वेने मुंबईला गेलो आणि बँकेच्या परकीय चलन विभागातल्या एका तरुण अधिकारी बाईंसमोर नोटरीचा करारनामा आणि त्याचं भाषांतर ठेवलं. त्यांनी वीस मिनिटं वाचलं आणि सांगितलं की एवढं पुरेसं आहे, नोंदणी क्रमांक आल्यावर कळवा. वीस मिनिटं! नियमात अडचण कधी नव्हतीच. नियम वाचलेला माणूस मुंबईत बसत होता आणि मी शिरोलीत.

पुढची गंमत ऐका. 25,000 युरो पाठवले, पोचले 24,973. मधल्या कुठल्या तरी बँकेने वाटेत 27 युरो कापून घेतले. कायद्याला निम्मे चालले असते, पण आमच्या करारनाम्यात पूर्ण रक्कम लगेच भरणार असं लिहिलं होतं, आणि नोटरी एका सेंटला तडजोड करेना. 27 युरोसाठी पुन्हा सगळे कागद, पुन्हा सह्या. बँकेचं शुल्कच त्याहून जास्त झालं. परदेशी पैसे पाठवताना 'वाटेतला सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' असा एक पर्याय त्या अर्जावर असतो. तो निवडायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि सही कुठे करायची तिथे आधीच पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली. आपल्याकडे सही अशीच घेतात.

4 जुलैला रक्कम पूर्ण झाली. 5 जुलैला नोटरीने कोर्टाकडे अर्ज पाठवला. 14 जुलैला कंपनी नोंदवहीत चढली. 9 दिवस. आता लेखकाने सांगावं, लालफीत कुठल्या गावची?

नोंदणीनंतरची कामं थोडक्यात सांगतो, कारण ती पुतण्याने केली. नगरपालिकेत व्यवसायाची नोंद, कर कार्यालयाची लांबलचक प्रश्नावली, ती संगणकावरूनच भरावी लागते, आणि खरा मालक कोण याची पारदर्शकता नोंदवहीत नोंद. कर कार्यालयाने व्हॅट क्रमांकापूर्वी बरेच प्रश्न विचारले, त्यात काही आठवडे गेले. त्याला मी नावं ठेवत नाही.

एक फसवणूक मात्र सविस्तर सांगतो. नोंदवहीत नाव चढलं की ते सगळ्यांना दिसतं. पंधरा दिवसांत तीन पत्रं आली. वर गरुडासारखं चिन्ह, सरकारी दिसणारं नाव, 'नोंदणी शुल्क' म्हणून सहा-सातशे युरोचा आकडा आणि खाते क्रमांक. ही खरी बिलं नसतात. कुठल्या तरी खासगी यादीत नाव छापायचा तो 'प्रस्ताव' असतो, तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. त्यातलं एक पुतण्याने भरून टाकलं. नंतर मी नोटरीच्या कागदांची गड्डी काढली, तिकडे ती दोऱ्याने शिवून शिक्का मारून देतात. सोबतच्या सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं: अशी खोटी बिलं येतील, भरण्यापूर्वी आम्हाला विचारा. लखनौच्या बाईंनी ते मला हिंदीत सांगितलंही होतं. तेव्हा मी घड्याळ बघत होतो.

इकडे आमच्या बँकेने वेगळंच काढलं. 'गुंतवणुकीचा पुरावा म्हणून शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत द्या.' जीएमबीएचमध्ये शेअर सर्टिफिकेट छापतच नाहीत. कोणाचा किती हिस्सा, याची यादी नोटरी कोर्टाकडे पाठवतो, ती यादी हाच पुरावा. नियमातही 'शेअर सर्टिफिकेट किंवा अन्य संबंधित कागद' अशीच सोय आहे. हे शाखेला पटवायला चार पत्रं लागली. साहेबांचं एकच पालुपद, 'एवढी मोठी कंपनी आणि साधं सर्टिफिकेट नाही?'

आणि 2025 च्या फेब्रुवारीत कळलं की आपण दंडाला पात्र आहोत. परदेशातल्या कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, एपीआर, दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यायचा असतो. आमच्या जर्मन कंपनीचं वर्ष डिसेंबरला संपतं, त्यामुळे 2023 चा अहवाल 31 डिसेंबर 2024 पर्यंत जायला हवा होता. आमच्या सीएंना 15 जुलैच्या एफएलए विवरणाची, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेच्या विवरणाची, माहिती होती, ते त्यांनी वेळेत भरलं. याची नव्हती. बँकेने आठवण केली नाही. उशिराचं शुल्क 7,500 रुपये. रक्कम मोठी नाही, पण तो अहवाल जाईपर्यंत त्या कंपनीत पुढे पैसे घालता येत नाहीत, आणि आम्हाला नेमके त्याच महिन्यात दुसऱ्या गोदामासाठी घालायचे होते.

आपल्या लेखाविषयी माझी खरी तक्रार इथे आहे. ब्रिटनची कंपनी एका दिवसात होते हे सोळा आणे खरं. तिचं ऑनलाइन शुल्क 12 पौंड होतं, ते 1 मे 2024 ला 50 झालं आणि 1 फेब्रुवारी 2026 पासून 100, तरी आपल्या मानाने स्वस्तच. पण इचलकरंजीतल्या माझ्या एका मित्राच्या मुलाने अशीच कंपनी रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर काढली आणि त्याला वाटलं, झालं. फॉर्म एफसी हे नावही त्याने ऐकलं नव्हतं. आपण भारतात राहणारे असू तर परदेशी कंपनीतला हिस्सा प्राप्तिकर विवरणातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावा लागतो, मग उत्पन्न शून्य असो. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला 1 ऑक्टोबर 2024 पासून त्या दंडातून सूट मिळाली, पण रकाना भरायची सुटका नाही. आपल्या लेखात यातलं अक्षर नाही. तो पोरगा तुमचा लेख वाचून आणखी दोन देशांत कंपन्या काढेल.

माझी मागणी फार नाही. ज्या बँकांना परकीय चलनाचा व्यवहार करायची परवानगी आहे, त्यांनी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, नगर, नाशिक अशा उद्योगांच्या गावांत निदान एका शाखेत हे नियम वाचलेला एक माणूस बसवावा. एक पानभर मराठी माहितीपत्रक ठेवावं. त्यात पैसे पाठवण्यापूर्वी काय, पाठवल्यावर सहा महिन्यांत काय आणि दरवर्षी कुठल्या तारखेला काय, एवढं असलं तरी पुरे. आणि सही घेण्यापूर्वी ते पान गिऱ्हाइकाला वाचून दाखवावं. दोन तास नको, दहा मिनिटं वाचा. मुंबईचं आणि श्टुटगार्टचं 1968 पासून भगिनी-शहरांचं नातं आहे म्हणतात. शिष्टमंडळं जातात-येतात, करार होतात, फोटो छापून येतात. पुढच्या शिष्टमंडळाने एखाद्या नोटरीच्या ऑफिसात दोन तास बसून यावं, दुभाष्यासकट.

गेल्या महिन्यात आमच्या शाखेत नवीन साहेब आले. या वर्षीचा एपीआर घेऊन मी गेलो तर म्हणाले, 'हे काय असतं?' त्यांना दोष देत नाही, ते चंदगडच्या शाखेतून आलेत, तिथे पीककर्जाशिवाय काही नसायचं. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्या रकान्यापासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या रकान्याला त्यांनी चहा मागवला आणि वही काढली.

आपला,
एक लघुउद्योजक
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. शाखा एकच आहे.)

ता. क. : लेखात 'एक युरोत जर्मन कंपनी' असा चौकोन छापला आहे. तशी कंपनी 2008 पासून काढता येते, पण ती जीएमबीएच नव्हे, तिचं धाकटं भावंड आहे. दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा बाजूला टाकत तिला 25,000 पर्यंत जावं लागतं, आणि तोवर ती नावापुढे जीएमबीएच लावू शकत नाही. आमच्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी तीच सुचवली होती. तो म्हणाला, 'एक युरोवाल्याकडून मी हाऊसिंग घेऊ?'